आतोबांची हाळी

ऐन थंडीत आभाळ भरून आलं की मावळातला प्रत्येक माणूस खळ्यावरच्या भाताकडे धावतो. अशा वेळी ओठांवर बोट ठेवून अंगणात उभा राहणारा माणूस साऱ्या मावळात एकच होता, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा होता.

आतोबा मागच्या लढाईत खेचरं हाकायला सरहद्दीच्या डोंगरांत गेले होते. तिथून त्यांनी एक पितळी मग, एक खाकी कोट आणि एक नियम आणला. थंडी मोडून पाऊस लागला की डोंगराखाली आवाज करायचा नाही. बर्फ मऊ झालेला असतो, आवाजाने सुटतो. आंदर मावळात बर्फ पडत नाही ही किरकोळ अडचण त्यांनी कधी मानली नाही. गाव कड्याखाली होतं, एवढं त्यांना पुरे होतं. पहिला थेंब पडताच बैलांच्या घुंगरांत चिंध्या कोंबल्या जात, कोंबडा डालग्याखाली जाई आणि आत्याचं उखळ बंद होई. एकदा त्यांनी भजनी मंडळींना टाळ न वाजवता अभंग म्हणायला लावला. मंडळींनी तो म्हटलाही, कारण चहा आतोबांकडे होता. गावाला बर्फ ठाऊक होता तो लोणावळ्याच्या बाजारात भुश्यात ठेवलेल्या लादीपुरता. "आबा, त्यो तर पोत्यात निजून असतोय, त्यो काय अंगावर येतोय?" असं कुणी विचारलं की आतोबा कुजबुजत, "निजलाय म्हनूनच म्हंतो, उठवू नगंस."

मला त्यांचा खरा राग आला तो एका पौषात. मी लोणावळ्याच्या शाळेत मास्तर. सुट्टीला गेलो होतो. आत्या कड्याखाली सरपणाला गेली आणि दुपारी पाऊस आला. धुकं उतरलं, वरून बारीक दगड घरंगळू लागले. डोंगरातल्या माणसाला हाळी द्यायची, ही आमच्याकडची रीत. मी तोंडाशी हात नेले, तोच आतोबांनी माझं तोंड दाबलं आणि साठीचा तो माणूस अनवाणी वर धावत सुटला. तासाभराने त्यांनी आत्याला हाताला धरून आणली. दोघंही चिंब. आत्या फणफणत होती, "येक हाळी दिली असती तर मी कवाच आले असते! देवानं तोंड कशाला दिलंय ह्यास्नी?"

आतोबा चुलीशी बसले. पाय शेकत म्हणाले, "तिकडं लढाईत बरफावर असाच पाऊस व्हता. माज्या जोडीचा गनू खाली खेचरांपाशी. चा झालाय म्हनून मीच हाळी दिलती. त्येनं वर बगितलं, हसला. आन् त्येच्यावर डोंगर आला."

आत्याने पंचा घेऊन त्यांचं डोकं पुसलं. मलाही माझ्या रागाची लाज वाटली.

घाटात रेल्वेच्या दरडींवर देखरेख करणारे एक इंजिनिअर माझ्या ओळखीचे होते; त्यांनी विलायतेकडचे बर्फाचे डोंगर पाहिले होते. परतल्यावर मी त्यांना विचारलं आणि पुढच्या खेपेला आतोबांना सांगितलं, "हाकेने बर्फ सुटत नाही. तो पावसानेच सुटला. तुम्ही गप्प बसला असता तरी सुटलाच असता."

"व्हय?" आतोबा म्हणाले. त्यांनी मला ते तीनदा सांगायला लावलं.

पुढच्या थंडीत पुन्हा पाऊस आला. आत्या परड्यात, हाकेच्या अंतरावर. आतोबा अंगणात गेले, कड्याकडे पाहिलं आणि गंजलेल्या आवाजात हाळी दिली. ती कड्यावर आपटून परत आली. एक खडाही हलला नाही.

आत्या धावत आली. "काय झालं वो?"

"काय न्हाई," आतोबा डोळे पुसत म्हणाले, "चा झालाय."