शवासनातून उठवून काढलेला फोटो

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितेय.

सांगलीतल्या एका कॉलेजात आज परीक्षेच्या ताणावर योगवर्ग होता. शिकवायला मी. मुलं वेळेवर येऊन सतरंजीवर बसली. मग पाहुण्यांची वाट बघणं, दीपप्रज्वलन, शाल-नारळ, प्रास्ताविक. 'मन शांत कसं ठेवावं' यावर पाहुणे इतकं बोलले की माझ्या वाट्याला जेमतेम शवासनापुरता वेळ उरला.

म्हटलं, तेवढं तरी करू. पंखे चालू ठेवून दिवे बंद केले. हळूहळू हॉल शांत झाला. पुढच्या रांगेतली एक मुलगी तर गाढ झोपली. जतकडची, हॉस्टेलवर राहते. आल्या आल्या मला म्हणाली होती, "मॅडम, लय दिवस झाले, झोपच न्हाई."

तेवढ्यात संयोजक सर दिवे लावत आले. "मॅडम, उठवा सगळ्यांना. पाहुणे निघालेत, ग्रुप फोटो राहिलाय."

"सर, जरा थांबा. ती मुलगी झोपलीय."

"झोपायला बोलावलंय का त्यांना?" म्हणत त्यांनी माइकवरूनच सगळ्यांना उठवलं. ती दचकून उठली. 'तणावमुक्त विद्यार्थी' लिहिलेल्या बॅनरचं एक टोक धरायला तिलाच उभं केलं.

जाताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, फोटो नसतो असा वर्ग कवा असतोय? तवा मी नक्की येते."

मी तिचा नंबर घेऊन ठेवलाय. तुमच्या माहितीत असा वर्ग कुठं होत असेल तर सांगा, तिला कळवते.