झाड नव्हे, झुडूप

अन्याय एका झुडपावर झाला, यंदाच्या अनंत चतुर्दशीला. आम्ही झाशीतली मोजकी मराठी घरं गणपती बोळवत होतो, त्याच दिवशी दूर समुद्रातल्या एका बेटावर धावपट्टीसाठी खुणेचे दगड रोवले गेले. नेमके त्या झुडपाच्या माळावर. पांढरी, नखाएवढी फुलं. जगात दुसरीकडे ते कुठेही उगवत नाही. सरकारकडे हरकत नोंदवायला मुदत या महिनाअखेरपर्यंत.

मी सह्यांसाठी हरकतीचं पत्रक काढलं. हिंदीत, कारण इथे मराठी वाचणार कोण? मीच बोलताना अडखळते. सकाळी इलाइट चौराह्यावर जाऊन उभी राहिले. नक्की येतो म्हणालेल्या मैत्रिणींपैकी एकही आली नाही.

मथळा होता, ‘टापू का झाड़ बचाओ’. घरी आम्ही तुळशीपासून वडापर्यंत सगळ्याला झाडच म्हणतो. हिंदीत झाड़ म्हणजे काटेरी रान, नाहीतर खरडपट्टी, हे डोक्यातच आलं नाही. चहावाल्याने मथळा मोठ्यांदा वाचला.

“दीदी, झाड़ तो हमें घर पे रोज़ पड़ती है. उसे काहे बचाएँ?”

सगळा ठेला हसला. सोबत कुणी असतं तर मीही हसले असते. एका गृहस्थांनी विचारलं, हा टापू कुठल्या तहसिलीत येतो? नाही येत म्हटल्यावर त्यांनी पत्रकाची घडी करून त्यावर समोसा ठेवला. दुपारपर्यंत एकही सही मिळाली नाही.

दतिया गेटला घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. तू पाहिलंयस का ते, तिनं विचारलं. नाही, म्हटलं, फोटोतच. तिनं हातातली काडी मोडून बाजूला टाकली.

“आपल्याला निदान समथरला तुझी आत्या तरी आहे. त्याचं दुसरीकडे कुणीच नाही?”

“कुणीच नाही.”

तिनं पदराला हात पुसले, एक पत्रक ओढून घेतलं, ‘झाड़’ खोडून वर ‘झुडूप’ लिहिलं आणि खाली मराठीत सही केली. त्या दिवसाची तेवढीच.

आता तुम्ही. तुम्ही मराठी वाचता, म्हणजे शब्द कळला नाही ही सबब तुम्हाला नाही. बेट पाहिलं नाही? आम्हीही नाही. महिना संपायच्या आत हरकत लिहा, सही करा आणि पाठवा. आईची सही एकटी जाऊ देऊ नका.