बाणाएवढी जागा

जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आमच्या लॅबमध्ये एक ताई आहे. ट्राम उशिरा येणार म्हटलं तरी तिचा पहिला प्रश्न, "कशावरून?" कँटीनचं सूप खारट आहे म्हणालो, तर ती आधी स्वतः चमचाभर पिऊन बघते आणि मगच मान डोलावते.

गेल्या आठवड्यात तिची आकृती पुरी झाली. पेशीत कुठलं प्रथिन कुणाला जागं करतं, ते चौकटी आणि बाणांनी दाखवणारी. ती जगभरच्या संशोधकांच्या सामायिक डेटाबेसमध्ये जाणार होती. मी सकाळपासून तिच्या खुर्चीमागेच घुटमळत होतो.

"आल्झो, चला, टाकूया!" म्हणाली आणि थांबली. मधला एक बाण तिचा स्वतःचा शोध होता. अख्खी पीएचडी त्याच्यामागे गेलेली. पण त्याचा पेपर अजून छापून यायचा होता. "कशावरून?" असं स्वतःलाच विचारून तिने नेमका तोच बाण काढून टाकला.

मी तिला थांबवायला पुढे वाकलो. तिने मात्र सबमिट दाबलं आणि खुर्चीसकट गर्रकन गोल फिरली. "गेली रे, गेली एकदाची!" शब्द न कळताही लॅबमधल्या जर्मन मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

मला राहवेना. "ताई, त्या दोन चौकटी तरी जवळ घ्यायच्यास. मध्ये उगाच मोकळं दिसतंय."

"दिसू दे की," ती हसत म्हणाली. "एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तशी जागा धरून ठेवलीय."