फळीवरची पिशवी
कोऱ्या मलमलीचा वास आला आणि कसालच्या या दुकानातली जुनी दुपार आठवली. तेव्हा माझं बाळ श्रावणात येणार होतं, आणि आमच्या देवबागात पावसात काही वाळत नाही. झबली सहा पुरतील की बारा? काही ठरत नव्हतं. आदल्या वर्षी माझं एक पोटातच गेलं होतं. शेवटी बारा काढली. सासू दुकानदारणीला म्हणाली, "जन्माच्या आदी नवा कापड घरात नको. पिशवी हयच ऱ्हवांदे." दुकानदारणीनं ती फळीवर ठेवली. मला सासूचा रागच आला. बारशाला आलेली दुकानदारीण हळूच म्हणाली, "तुझी सासू दर बाजाराक दोन एसटी बदलून येय, झबली बघी, नि परत बांधून ठेवी." आज त्याच फळीवर धाकट्या जावेची पिशवी आहे. कसालला माझं दुसरं काहीच काम नव्हतं.