गव्हल्यांचं पीठ

आमच्या गल्लीत काही काळ मला देवी समजत होते. हे मी फुशारकीनं सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. झालं ते असं झालं.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी मंद्रूपहून सोलापुरात आले. गिरणीजवळच्या गल्लीत दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी. नवरा गिरणीच्या ऑफिसात कारकून. घरात सासूबाई आणि माझ्याच वयाची नणंद. सासूबाईंचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं रागावल्या की त्या कानडीत शिरायच्या आणि माया दाटून आली तरी कानडीतच.

मला राग यायचा म्हटलं तर लोक म्हणतील, राग कुणाला येत नाही? येतो, पण माझा वेगळा होता. गिरणीचा भोंगा झाला की नवरा थोड्या वेळात घरी यायचा. एखाद्या दिवशी तो मित्रांबरोबर चहाला थांबला की मी ओट्यावर आत-बाहेर करत राहायचे. आला नाही म्हणजे गेला. गेला म्हणजे मला टाकून गेला. हे मला वाटायचं असं नाही, ते मला ठाऊकच असायचं, जसं आज वार कुठला ते ठाऊक असतं. मग आधी रडणं, मग हाताला लागेल ते फेकणं, आणि काही उरलं नाही की स्वतःच्याच मनगटाला चावणं. तो बिचारा भज्यांचा पुडा घेऊन दारात यायचा तेव्हा पायाशी चेपलेला तांब्या. घटकाभरानं मीच त्याला म्हणायचे, तुमच्यासारखा माणूस जगात नाही. दोन्ही वेळा मी खरंच बोलत असायचे. आणि सगळं ओसरलं की आतून मी रिकाम्या पोत्यासारखी व्हायचे. तो रिकामेपणा रागाहून वाईट.

खूप वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, एका डॉक्टरीणबाईंनी याचं नाव मला सांगितलं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. त्या म्हणाल्या, काही माणसांच्या मनाची कातडी पातळ असते. दुसऱ्याला नुसता धक्का लागतो तिथं यांना भाजतं, आणि आपलं माणूस सोडून जाईल याची धास्ती यांना सगळ्यात जास्त. मी म्हटलं, बाई, हे तेव्हा कळलं असतं तर निदान भांडी तरी वाचली असती. त्या हसल्या. पण तेव्हा असं सांगणारं मला कुणी भेटलं नाही, आणि गल्लीनं आपलं आपण निदान करून टाकलं.

एका मंगळवारी मी न्हाऊन केस मोकळे सोडले होते. कशावरून तरी बिनसलं आणि मी भिंतीला टेकून मान हलवत रडायला लागले. तेवढ्यात विरजण मागायला आलेली शेजारीण दारातच थबकली. मोकळे केस, हलणारी मान, मंगळवार. तिनं विरजणाची वाटी खाली ठेवली, देवळीतलं कुंकू उचललं, माझ्या कपाळाला लावलं आणि हात जोडले. पुढच्या मंगळवारी दोघी-तिघी नारळ घेऊन आल्या.

सासूबाईंनी त्यांना घालवून दिलं नाही. त्यांचंही बरोबर होतं. घरात लग्नाची पोर. अंगात येणारी सून चालते, डोक्यानं बिघडलेली चालत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडायला लागलं होतं. आदल्या दिवशी नळावर माझ्या नावानं नाक मुरडणारी बाई पाया पडते, हे कुणाला आवडणार नाही? फक्त एक होतं. देवीला कुणी विचारत नाही की बाई, तू का रडतेस.

ते विचारायची ती एकटी नणंद. सगळं आटोपलं की ती माझ्याजवळ येऊन बसायची, मनगटाला हळद लावायची आणि म्हणायची, “वैनी, आज काय झालं गं?” माझा तिच्यावर जीव होता. ती मैत्रिणीकडे जाऊन बसली तर मी तिच्याशी दिवस दिवस बोलत नसे, तेही त्या जीव असण्यातलंच. त्या हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं, मोडनिंबच्या घरात. मुलगा चांगला, घर खाऊनपिऊन सुखी. सगळे पेढे खात होते आणि मी पेढा तोंडात धरून मोरीत उभी होते.

लग्न ठरलं की आमच्याकडं वळवट सुरू होतं. म्हणजे रुखवतासाठी आणि नवऱ्या मुलाच्या खिरीसाठी बारीक रव्याचं पीठ भिजवून, मळून, बोटांवर गव्हले वळायचे. चिमटीत पिठाची बारीक लड धरायची आणि अंगठ्यानं वळून तोडायची, गव्हाच्या दाण्याएवढी. नखाचा दाब दिला की नखुल्या. मुहूर्ताला पाच सवाष्णी पहिले गव्हले वळतात आणि मग घरच्या बायका महिनाभर वळत बसतात. लग्नाच्या हळदीपर्यंत डबे भरले पाहिजेत.

मुहूर्ताच्या दुसऱ्याच दिवशी माझं बिनसलं. नणंद आणि सासूबाई हसत हसत साड्यांचं बोलत होत्या, एवढंच कारण. मी तांब्या उचलला. सासूबाई जागच्या उठल्या नाहीत. त्यांनी परातीतला पिठाचा गोळा तोडला, माझ्या दुसऱ्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, “साकु, साकु. पुरे झालं. आधी हे वळ. वाळालंय बघ. मग काय फेकायचं ते फेक.”

आता पीठ वाळायला लागलं की थांबता येत नाही, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि वळायला बसले. पहिले गव्हले बोटाएवढे जाड आले. रागात चिमूट घट्ट होते. सासूबाईंनी ते उचलून परत गोळ्यात टाकले. “हे आत कच्चं राहतंय. परत कर.” परत केले. परत जाड. बारीक गव्हला हवा तर चिमूट सैल लागते, चिमूट सैल व्हायची तर खांदा उतरावा लागतो, आणि खांदा उतरायचा तर श्वास सोडावा लागतो. कुणी मला ‘शांत हो’ म्हटलं असतं तर मी त्याला तांब्याच मारला असता. पिठानं तसं काही म्हटलं नाही. दिवेलागणीला बघते तर सुपात गव्हले पसरलेले, शेवटचे अगदी एकसारखे, आणि मला भूक लागलेली.

राग गेला नाही. तो येतच राहिला. पण आता तो आला की मी सासूबाईंकडं नुसतं बघायचे आणि त्या परात पुढं सारायच्या. हळूहळू मला नुसत्या गव्हल्यांचा कंटाळा आला. मी मोगऱ्याच्या कळ्या केल्या. मासे केले. समोरच्या तेलुगू घरातल्या बायका ओट्यावर बसून सुताच्या कांड्या भरायच्या, तशा बारक्या कांड्या केल्या, सुताच्या रेघांसकट. हळद घालून पिवळ्या चिमण्या, पालकाच्या रसात हिरवे राघू. एखादं पाखरू जमायला लागलं की भोंगा कधी झाला ते कळायचं नाही. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी तुटायच्या ऐवजी तयार होत होतं. आणि गंमत बघा, ज्या लग्नानं माझा जीव जात होता त्याच लग्नाचं रुखवत मी सजवत होते.

लग्नाला थोडे दिवस राहिले असताना मुलाची आई साड्या घ्यायला सोलापूरला आली. जाताजाता घरी आली ती हातात नारळ आणि खण घेऊन. नळावर कुणीतरी तिला सांगितलं होतं, सुनेच्या अंगात येतं, तिचा शब्द खाली पडत नाही. नवरा कामावर होता. बाई सरळ माझ्यासमोर येऊन बसली, नारळ पुढं ठेवला, डोक्यावर पदर घेतला.

“आई,” ती मला म्हणाली, माझ्या आईच्या वयाची बाई, “माझा एकच ल्योक हाय. ही पोरगी आमच्या घरात नांदंल का न्हाय, तेवढं सांग. तू न्हाय म्हणलीस तर मी हितनंच माघारी जाते.”

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. देवी खोटी म्हणावं तर सून वेडी ठरते, आणि वेडी सून असलेल्या घरातली मुलगी कोण करणार? खरी म्हणावं तर देवी काय बोलेल याचा नेम नाही. नणंद आतल्या दारात उभी होती.

त्या सकाळी माझं तिच्याशी भांडण झालं होतं. ती मोडनिंबच्या घराचं, तिथल्या मोठ्या अंगणाचं बोलताना हसली होती, आणि मला ठाऊक होतं की ती मला सोडून जायला खूश आहे. आता मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. ती राहिली असती. माझ्याजवळ, कायमची. माझ्या कानात भोंगा झाल्यासारखं होत होतं. मी डोळे मिटून पुढं-मागं डोलायला लागले. मुलाच्या आईला वाटलं, आली. तिनं हात जोडले.

परात शेजारीच होती. मी पीठ घेतलं. पहिला गव्हला जाड आला. मी तो मोडला. दुसरा जाड आला, मोडला. मी वळत राहिले आणि मोडत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मग एक बारीक आला, त्याच्यामागं आणखी एक. खांदा उतरला. मी वर बघितलं तेव्हा नणंदेनं दाराची चौकट गच्च धरली होती. तिला माझी भीती वाटत होती. ते बघून मला जे वाटलं ते मी कधी विसरले नाही.

“मावशी,” मी म्हटलं, “माझ्या अंगात कोण येत न्हाय. मला राग येतो. लई येतो. आन ही चाललीय म्हणून मला रडू येतंय. हिच्यासारखं माणूस मला दुसरं न्हाय. आता तुमीच ठरवा.”

बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नारळ उचलला. मला वाटलं, संपलं. ती उठली, आतल्या दारापाशी गेली आणि खण-नारळ नणंदेच्या ओटीत घातला. परत येऊन माझ्याजवळ मांडी घालून बसली आणि म्हणाली, “दे मला बी थोडं पीठ.” तिचे गव्हले माझ्या पहिल्या दिवसाहून जाड आले. एकुलता एक मुलगा दुसरीच्या हाती द्यायचा, तिलाही सोपं नसणार. सासूबाईंनी ते गुपचूप परत गोळ्यात टाकले.

लग्न झालं. खीर झाली. गल्लीतल्या काहीजणी मला नंतर सरळ वेडी म्हणायला लागल्या, आणि नारळ बंद झाले. पाठवणीच्या वेळी मी आत परात घेऊन बसले होते, बाहेर गेले नाही. नणंदच आत आली, सुपातली एक पिवळी चिमणी उचलून पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, “वैनी, पंचमीला येते की.”

माझा विश्वास बसला नाही. गेलेलं माणूस परत येतं, हे मला आयुष्यात कधी खरं वाटलं नव्हतं. नागपंचमीच्या दिवशी मी सकाळीच पीठ भिजवून ठेवलं, कारण ती येणार नाही आणि मग मला ते लागणार, हे मला ठाऊक होतं. दुपारी टांगा थांबल्याचा आवाज आला. ती ओट्यावरूनच हाक मारत आली, “वैनी!”

आम्ही संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. पीठ परातीत तसंच वाळून गेलं.