काटा उतरेपर्यंत

थोरल्या भावाने टर्बोची गाडी घेतली आणि डॅशबोर्डवर तेलाचं प्रेशर आणि तापमान दाखवणारे दोन काटे हौसेने बसवून घेतले. जळगावच्या उन्हात तेल फार तापायचं. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं तर आतलं तेल जळतं, म्हणून घरी आल्यावरही काटा उतरेपर्यंत तो दारात गाडी चालू ठेवून बसायचा.

"उतर की आता! पोळ्या गार झाल्या," मी खेकसायचे. तो नुसता हसायचा.

आबा, आमचे वडील, धुळ्याच्या दवाखान्यात होते. त्या दुपारी भाऊ तिकडून परतला. आई त्याच्यासाठी पोळ्या लाटत होती. गाडी दारात थांबली आणि इंजिन लगेच बंद झालं.

मी बाहेर गेले नाही. आईच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.