विटांचं इंजिन

माझ्या चुलतसासऱ्यांइतका गंभीर माणूस मी आजवर पाहिलेला नाही. आणि या गंभीर माणसानं वयाच्या सत्तराव्या वर्षी जो उद्योग आरंभला, तो पाहून सात वर्षांचं पोरही लाजलं असतं. काका उदगीरच्या मोंढ्यात धान्याचे आडते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खांद्यावर उपरणं, आणि चेहरा असा की समोरच्याची तूर भिजलेली आहे की काय असं त्यालाच वाटावं. या माणसानं दुकान मुनिमाच्या हवाली केलं आणि लहान मुलांच्या त्या प्लास्टिकच्या विटांचं, एकमेकींत अडकवायच्या असतात त्यांचं, वाफेचं इंजिन बांधायला घेतलं. खरी वाफ नव्हती, आत बॅटरीवरची मोटार होती. पण ही गोष्ट काकांसमोर बोलायची सोय नव्हती.

डिझेलचं इंजिन ते इंजिनच मानत नसत. "ते काय, म्हशीवानी हंबरतंय नुस्तं. इंजिन म्हंजे कसं, धापा टाकत यायला पायजे. माणसावानी." विटा आल्या की काका त्या आधी चाळणीनं चाळत, मग सुपात घेऊन पाखडत. पाखडून काय उडायचं होतं देव जाणे, पण चाळीस वर्षांची सवय. प्रत्येक आकाराची वेगळी पाटी. मोंढ्यात पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरत. त्याच बोटांनी काका न बघता, उपरण्याखाली हात घालून, हवी ती वीट बरोबर काढत. मी उदगीरला गेले असताना एकदा मुद्दाम वेगळी वीट सरकवून पाहिली. "सूनबाई, ह्यो माल आपला न्हाई," म्हणाले आणि परत दिली. काळ्या विटा पुरल्या नाहीत, म्हणून धुराडं लाल आणि मागची पाण्याची टाकी पिवळी झाली. इंजिन पुढून भारदस्त आणि मागून लग्नाच्या बँडवाल्यासारखं दिसे.

हे सगळं कशासाठी, ते सांगायचं तर भांडण सांगावं लागतं. माझे सासरे, म्हणजे अप्पा, काकांचे थोरले भाऊ. ते लातूरला स्थायिक झाले आणि लातूरचा जिल्हा झाला तेव्हापासून, तो त्यांनी स्वतः घडवल्यासारखे वागू लागले. काका उदगीरचे, आणि उदगीर जिल्हा झालाच पाहिजे या मताचे. एका लग्नाच्या पंगतीत हा विषय निघाला. अप्पा म्हणाले, "जिल्हा म्हंजे काय बुंदी हाय का रे, पंगतीत मागितली की वाढली?" काका भरल्या ताटावरून उठले. त्यानंतर तीन वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. निरोप सगळे माझ्यामार्फत. काकांनी लातूर हा शब्दच टाकला. एसटीत बसले तरी कंडक्टरला "एक द्या, जिल्ह्याचं ठिकाण," म्हणत. एकानं विचारलं, "कोणत्या जिल्ह्याचं, काका?" तर म्हणे उतरून मागच्या गाडीनं आले.

मग तो दुष्काळ पडला. लातुरात नळाला पाणी येणं थांबलं, आणि रांगेत घागर घेऊन उभे असताना अप्पा पडले, मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण अप्पांनी खाट सोडली नाही. डॉक्टर म्हणत चाला, अप्पा म्हणत कशाला. पुढे लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. ती बातमी ऐकून काकांचा मला फोन आला. मला वाटलं, जिल्ह्याच्या ठिकाणाची मजा घेणार. पण त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. लहानपणी दोघे भाऊ लातूरहून अरुंद रुळांवरच्या वाफेच्या छोट्या गाडीनं निघाले होते. काकांना तहान लागली. एका ठेसनावर अप्पा तांब्या घेऊन उतरले, तेवढ्यात गाडी सुटली. अप्पा तांब्यासकट गाडीमागं पळाले आणि शेवटच्या डब्याला लोंबकळले. "अर्धा तांब्या सांडला," काका म्हणाले, "पर आणला." मग म्हणाले, "मी काय त्याच्याशी बोलणार न्हाई. माझी गाडी पाणी घिऊन जाईल त्याच्याकडं. तेवढं झालं म्हंजे मी मोकळा."

महिनाभरानं काका इंजिन गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन लातूरला आले. पुढच्या खोलीपासून अप्पांच्या खाटेपर्यंत रूळ मांडले. इंजिनामागं एक सपाट डबा, त्यावर पाण्यानं भरलेला पेला. आता फक्त हातातल्या रिमोटचा खटका दाबायचा होता. इतक्यात सासूबाई आडव्या आल्या. घरात नवी गाडी आली आणि पूजा नाही? ट्रॅक्टरची होते, मोटारसायकलची होते, मग हिनं काय घोडं मारलंय? इंजिनाला भस्म लागलं, हळद-कुंकू लागलं, धुराड्याला झेंडूचं फूल बांधलं. नारळ फोडला. पाण्याचा थेंब वाया घालवायचे दिवस नव्हते, पण देवाच्या कामात सासूबाईंचा हात सढळ. त्यांनी नारळाचं पाणी चाकांवर, दांड्यांवर आणि त्यांच्या मते इंजिनाचं तोंड असेल तिथं, म्हणजे थेट मोटारीवर ओतलं.

इंजिन निघालं. दांडे मागं-पुढं हलू लागले आणि काकांचा चेहरा मी पहिल्यांदा सैल झालेला पाहिला. उंबऱ्यावरची फळी ते चढलं, हिसक्यानं निम्मं पाणी खाली सांडलं, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर इंजिन दोनदा खोकून थांबलं. काकांनी खटका दाबला, पुन्हा दाबला. सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या. काका उंबऱ्यात उभे होते, आणि त्यांच्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पुढं होऊन पेला उचलून देणं त्यांना जमेना. इतक्या वर्षांचा ताठा एका पावलात कसा मोडणार? मला त्यांची भयंकर दया आली.

तेव्हा खाट करकरली. अप्पांनी पाय खाली सोडले. मी धावले, तर हातानंच "थांब" म्हणाले. भिंत धरून एक पाऊल, दुसरं, असं करत ते इंजिनापाशी आले, हळूच खाली बसले आणि पेला उचलून पाणी प्यायले.

"अर्धाच आणलास," अप्पा म्हणाले.

"तू बी अर्धाच आणला हुतास," काका म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसून लहान मुलासारखे रडू लागले.

अप्पा त्यानंतर दीड वर्ष चालते-फिरते होते. दोघं भाऊ अंगणात बसून जिल्ह्यावरून मनसोक्त भांडत. उदगीर अजून जिल्हा झालेलं नाही आणि अप्पा आता नाहीत. काका मात्र येतात, कंडक्टरकडे सरळ लातूरचं तिकीट मागतात. इंजिन अजून खोलीच्या मध्यावर, थांबलं तिथंच आहे. मी मागे म्हणाले, "काका, नवी मोटार बसवू या की, दोन मिनिटांचं काम आहे."

"नगं पोरी," ते म्हणाले. "गाडी दुरुस्त झाली तर ती खाटेपत्तूर जाईल. तिथं आता कोण हाय?"

म्हणून मी रोज तिच्या बाजूबाजूनं झाडून घेते.